परसांतील रानभाजी व पातीचा लसूण : खर्चाच्या एका कलमाचें विवरण

दुष्काळनिवारणार्थ द्रव्य देणाऱ्या सद्गृहस्थांस आपल्या पैशाचें काय होतें हें विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. धान्य वांटलें, चाऱ्याची छावणी चालविली, विहिरीचा गाळ काढला, असें अहवालांत लिहिलें म्हणजे वाचणारास तें तेव्हांच पटतें. त्यास वेगळें स्पष्टीकरण लागत नाहीं. परंतु समितीनें या खेपेस खर्चाच्या अंदाजांत ‘परसबागेसाठीं बीं, कंद व रोपें’ असें एक नवें कलम घातलें आहे, आणि तें पाहून आमच्या कांहीं व्यापारी व बागाइतदार स्नेह्यांनीं, ‘दुष्काळांत भाजीपाल्याची चैन कशास?’ असा प्रश्न केला आहे. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर देणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों; आणि तें देतांना कोणतीं झाडें लावावयाचीं, तीं कशीं जगवावयाचीं, व कोणत्या कंदांपासून दूर राहावयाचें, हेंही विस्तारानें सांगणार आहों. कारण हें कलम मंजूर होणें अगर न होणें हें अखेर या तपशिलावरच अवलंबून आहे.

धान्याचा आधार व भाजीचा अभाव

इ. स. १८७६–७८ च्या दुष्काळांत सरकारी कामावरील मजुरास काय वेतन द्यावें याविषयीं मोठा वाद झाला. सर रिचर्ड टेंपल यांनीं मोठ्या माणसास दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारें साडेचारशें ग्रॅम, धान्य व वर थोडी रोकड एवढें पुरे असें ठरविलें. मद्रासेकडील आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं तें अपुरें आहे म्हणून जोरानें प्रतिपादन केलें. इकडे मुंबई इलाख्यांत १८७७ च्या आरंभीं मजूर कामें सोडून गेले, तेव्हां १८७० सालीं स्थापन झालेल्या पुणें सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारापुढें मांडली. त्या सभेचे प्रवर्तक गणेश वासुदेव जोशी हे वकील होते. आमच्या धंद्यांतील मनुष्यानें अशा प्रसंगीं काय करावें याचा धडा त्यांनीं घालून दिला आहे. त्या वेळचा सारा वाद धान्याच्या वजनाचा होता, आणि तो तसा असणें स्वाभाविक होतें; कारण माणसें धान्यावांचून मरत होतीं.

त्यानंतर परिस्थिति पालटली. १९७२ च्या महाराष्ट्रांतील दुष्काळांत लोकांनीं परदेशांतून आलेला मिलो खाल्ला, मुलांनीं सुकडी खाल्ली. त्यांची आठवण सांगणारीं माणसें प्रत्येक गांवीं आहेत. त्याच दुष्काळांतून रोजगार हमीची योजना वाढीस लागली, आणि १९७७ सालीं तिला कायद्याचें रूप आलें. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबांतील प्रत्येक माणसास दरमहा पांच किलो धान्य मिळण्याचा हक्क प्राप्त झाला. पांच किलोचा हिशेब केला तर दिवसास सुमारें एकशें पासष्ट ग्रॅम धान्य होतें. तें पोटभर नव्हे; पण तो आधार आहे, आणि कायद्यानें दिलेला आधार आहे. उरलेलें धान्य कुटुंबास विकत घ्यावें लागतें. टंचाईच्या वर्षीं मजुरी तुटते. जी मिळते ती प्रथम या उरलेल्या धान्यास लागते, मग तेलामिठास. भाजीपर्यंत पैसा पोहोंचतच नाहीं. आणि ज्या वर्षीं मजुरी कमी त्याच वर्षीं भाजी महाग, कारण विहिरीचें पाणी खालीं गेलें म्हणजे शेतकरी पहिल्यानें भाजीचा वाफा सोडतो.

तात्पर्य, धान्यासाठीं कायदा आहे, पण पानासाठीं कायदा नाहीं. जेथें कायद्याचा हात पोहोंचत नाहीं तेथें दात्याचा हात पोहोंचावा, एवढेंच या कलमामागील तत्त्व आहे.

पानावांचून काय अडतें, असें कोणी विचारील. नुसत्या भाकरीनें पोट भरतें, परंतु अ जीवनसत्त्वाच्या अभावीं मुलांस रातांधळेपणा येतो व पुढें डोळाही जाऊं शकतो; लोहाच्या अभावीं गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांस पंडुरोग जडतो; क जीवनसत्त्वाच्या अभावीं हिरड्या सुजतात व जखमा भरत नाहींत. हे रोग एकदम दिसत नाहींत. दुष्काळ सरला, पाऊस पडला, समित्यांनीं आपलें दप्तर बांधलें, तरी मूल अशक्तच राहतें, आणि त्याचा दोष मग नशिबाकडे जातो. मोठ्या माणसास दिवसाला सुमारें शंभर ग्रॅम पालेभाजी असावी असें आहारशास्त्राचे जाणते सांगतात. टंचाईच्या गांवांत अनेक घरांतून आठवड्याकाठीं तरी तेवढी भाजी शिजते कीं नाहीं याची शंकाच आहे.

रान हें गरिबाचें बागाइत

चांगल्या वर्षीं ही उणीव रान भरून काढतें. पहिला पाऊस पडतांच टाकळा, कुर्डू, केना, तांदुळजा, घोळ, फोडशी, चाईचा वेल, भारंगी, करटोलीं हीं एकामागून एक वर येतात. कोंकणांत शेवळा येतो, व त्याची खाज मारण्यासाठीं काकडाचीं फळें घालून तो शिजवितात. हें ज्ञान बायकांनीं पिढ्यान्‌पिढ्या जपलेलें आहे. ऋषिपंचमीस जी भाजी करतात तींत बैलाच्या श्रमानें पिकलेलें कांहीं चालत नाहीं. परसांतलें व रानांतलें जें आपोआप येतें तेवढेंच चालतें. नांगर व बैल नसतांही घर चालवितां आलें पाहिजे ही शिकवण त्या व्रताच्या पोटांत आहे असें आम्हांस वाटतें. दुष्काळांत बैल विकला जातो, तेव्हां ती आठवावी.

ग्रंथकारांनींही या भाज्यांची दखल घेतलेली आहे. डॉ. लिस्बोआ यांनीं १८८६ सालीं मुंबई इलाख्यांतील उपयुक्त वनस्पतींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत दुष्काळांत लोकांनीं खाल्लेल्या वनस्पतींचा स्वतंत्र विचार केला आहे. आणि १८९६–९७ व १८९९–१९०० हे दोन दुष्काळ पाठोपाठ येऊन गेल्यावर, १९०२ सालीं, गॅमी या वनस्पतिशास्त्रज्ञानें याच विषयावर वेगळें टिपण छापलें. माणूस भुकेनें कोठवर जातो हें अशा याद्यांतून दिसतें. ज्या कंदास राखेच्या पाण्यांत उकळून, वाहत्या पाण्यांत भिजवून त्याचा कडूपणा व विषार काढावा लागतो, असे कंदही दुष्काळांत खाल्ले जातात.

परंतु या रानाच्या बागाइतास तीन अडचणी आहेत. पहिली अशी कीं, ज्या वर्षीं पाऊस ओढ देतो त्याच वर्षीं रान उघडें पडतें. म्हणजे गरज सर्वांत अधिक तेव्हां पुरवठा सर्वांत कमी. दुसरी अशी कीं, जवळचें रान ओरबाडलें गेलें म्हणजे बाईस दूर जावें लागतें, आणि टंचाईंत तिचा अर्धा दिवस पाण्याच्या हंड्यासाठीं आधींच गेलेला असतो. तिसरी अडचण विषाची आहे. तिचा विचार पुढें वेगळा केला आहे. या तिहींवर एकच उपाय दिसतो, आणि तो म्हणजे ओळखीची रानभाजी रानांतून आणून परसांत लावणें व घरच्या सांडपाण्यावर ती जगविणें.

कोणतीं झाडें, व तीं कशीं लावावीं

समितीनें पुष्कळ नांवांतून थोडींच निवडलीं आहेत. निवडीच्या कसोट्या चार ठेविल्या: पाणी थोडें लागावें, बीं अगर कंद घरचाच पुढें चालावा, चव लोकांच्या ओळखीची असावी, व ओळखण्यांत चूक होण्याचा संभव नसावा.

शेवगा. — यास आम्ही पहिलें स्थान देतों. शेंगांसाठीं तो सर्वांस ठाऊक आहे. पण दुष्काळांत त्याची खरी किंमत पाल्याची आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या पूर्वीच्या तक्त्यांत शंभर ग्रॅम ताज्या पाल्यांत सुमारें ६.७ ग्रॅम प्रथिनें, ४४० मिलिग्रॅम कॅल्शियम व २२० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिलेलें आहे; अ जीवनसत्त्व ज्यापासून होतें तें कॅरोटिनही विपुल आहे. कोंकणांत गोकुळाष्टमीस या पाल्याची भाजी करतात. देशावर मात्र पुष्कळ घरीं शेंगा काढून पाला शेळीस टाकतात. मनगटाएवढ्या जाडीची, सुमारें दीड मीटर लांबीची फांदी तोडून दोन-तीन दिवस सावलींत ठेवावी, म्हणजे कापलेला भाग सुकतो. मग पाऊस लागण्याच्या सुमारास तिचा तिसरा हिस्सा जमिनींत पुरावा. पाणी तुंबेल अशी जागा टाळावी, कारण या झाडास कोरडें सोसतें, दलदल सोसत नाहीं. बियांनींही झाड होतें, पण बीं वर्षाच्या आंतलें असावें. रोप कमरेइतकें झालें म्हणजे शेंडा खुडावा. असें वारंवार केलें असतां झाड उंच न वाढतां झुडपासारखें फुटतें, आणि घरांतील म्हातारीलाही हातानें पाला काढतां येतो. लांकूड ठिसूळ असतें, म्हणून घराच्या छपरास लागून लावूं नये. पाला अधिक निघाल्यास सावलींत वाळवून, पूड करून, झांकणाच्या डब्यांत ठेवावा. उन्हांत वाळविला तर कॅरोटिन पुष्कळ नासतें. क जीवनसत्त्व मात्र वाळविल्यानेंही जातें व फार शिजविल्यानेंही जातें. यासाठीं ताजा मिळेल तेव्हां ताजाच खावा, व पूड पिठल्यांत अगर भाकरीच्या पिठांत चमचाभर घालण्यास राखावी.

तांदुळजा. — याचें बीं इतकें बारीक कीं एका ग्रॅमांत हजाराहून अधिक दाणे असतात. तें राखेंत अगर बारीक वाळूंत मिसळून पेरावें, नाहींतर एके ठिकाणीं दाट व दुसरीकडे विरळ पडतें. महिन्याच्या आंतच पहिली खुडणी मिळते. मुळासह न उपटतां खुडलें तर पुन्हा फुटतो. वाफ्याच्या कडेचीं दोन झाडें बियांसाठीं सोडावीं. तेवढ्यांतून पुढच्या वर्षीं आपल्यास व शेजाऱ्यांस पुरून उरेल इतकें बीं मिळतें. पाण्याच्या फार ताणाखालीं वाढलेला पाला उकळून त्याचें पाणी टाकून द्यावें हें बरें, कारण अशा पाल्यांत नायट्रेट सांठण्याचा संभव असतो.

घोळ. — शेतकरी हिला तण समजून उपटून बांधावर फेंकतो, आणि ती बांधावरच पुन्हा मूळ धरते. यावरून तिची चिकाटी समजावी. मांसल देठांत ती पाणी सांठवून ठेविते. वीतभर देठ ओल्या मातींत खोंचला कीं झालें; बीं मिळविण्याचीही खटपट नाहीं. आंबटसर असल्यामुळें डाळींत चांगली लागते. हिच्यांत ऑक्झॅलेट असतें, म्हणून ज्यांस मुतखड्याची व्यथा आहे त्यांनीं ती टाळावी; इतरांनींही रोज एकच भाजी न खातां पालटून खावी.

फोडशी. — हिलाच कित्येक ठिकाणीं कुलू म्हणतात. पहिल्या पावसाबरोबर गवतासारखीं किंवा कांद्याच्या पातीसारखीं पानें वर येतात, व पुढें पांढरीं फुलें लागतात. फुलें येण्यापूर्वीं पाला कोंवळा असतो. हिच्या एका जातीस शास्त्रज्ञांनीं मुंबईजवळच्या बोरिवलीवरून नांव दिलें आहे, आणि तिच्याच मुळ्या सफेद मुसळी म्हणून औषधांच्या बाजारांत विकल्या जातात. त्या व्यापारासाठीं रानांतील गड्डे इतके खणले गेले कीं जेथें ती विपुल होती तेथें ती विरळ झाली आहे. यासाठीं परसांत ती लावणें हें पोटासाठीं जसें इष्ट तसें रानासाठींही इष्ट आहे. पावसाळ्याअखेर पानें पिवळीं पडलीं म्हणजे जागेवर खूण ठेवावी. उन्हाळा संपतां संपतां गड्डा खणून मुळ्या अशा वेगळ्या कराव्यात कीं प्रत्येकीच्या डोक्यास गड्ड्याचा थोडा भाग राहील; नुसती तुटकी मुळी रुजत नाहीं. उंचवट्याच्या वाफ्यांत, पाणी निचरेल अशा रीतीनें, दोन बोटें खोल लावाव्यात. रानांतून आणतांना एका ठिकाणचे सारे गड्डे काढूं नयेत.

पातीचा लसूण. — हा रानांतला नव्हे, पण या योजनेंत त्याला मुद्दाम जागा दिली आहे. टंचाईच्या घरांत ताटांत भाकरी असते व तिच्याबरोबर तिखट-मीठ असतें. हिरव्या पातीची चटणी मिळाली तर तीच भाकरी आजारी माणसाच्याही घशाखालीं उतरते. अन्नाला चव असणें ही चैन नव्हे. चव नसली म्हणजे मूल जेवतां जेवतां उठतें. फुटका माठ, गळका डबा, जुनी टोपली, कांहींही चालतें. सुट्या पाकळ्या टोंक वर करून, दोन बोटें खोल, अगदीं जवळ जवळ खोंचाव्यात. पंधरा-वीस दिवसांत पात कापण्याजोगी होते. बुडाशीं दोन बोटें राखून कापली तर दोन-तीन वेळां येते. पुढें पाकळी थकते. गड्डा हवा असेल तर आश्विन-कार्तिकांत थंडी पडूं लागतां लावावा. त्यास सुमारें चार महिने लागतात. मणिपुरांत घरोघरीं ‘मरोइ नाकुप्पी’ नांवाची लसणाच्या वासाची चपटी पात लावतात. ती वर्षानुवर्षें टिकते व वारंवार कापतां येते. ज्यांस तिचें रोप मिळेल त्यांनीं तेंही परसांत लावून पाहावें.

विषारी कंदांविषयीं सूचना

युरोपांत ओलसर झाडीखालीं रानलसूण उगवतो. वसंतांत लोक त्याचीं पानें खुडून आणतात व मोठ्या आवडीनें खातात. परंतु त्याच सुमारास त्याच्याजवळ कोल्चिकम नांवाच्या वनस्पतीचीं पानें येतात, तीं त्यासारखींच दिसतात, आणि त्यांत कोल्चिसिन नांवाचें तीव्र विष असतें. चुकून तीं खाऊन माणसें दगावल्याचीं उदाहरणें तेथील वैद्यकीय नियतकालिकांत नमूद आहेत. पान चुरडून वास घ्यावा हा नियम लोकांस ठाऊक असतो. पण दोन खऱ्या पानांचा वास बोटांस लागला म्हणजे तिसरें खोटें पानही लसणासारखेंच वाटतें. म्हणून तेथील जाणते लोक सांगतात कीं, रानलसूण खावयाचा असेल तर तो आपल्या बागेंत, आपल्या हातानें लावलेला खावा.

ही गोष्ट आम्हीं परदेशाच्या कौतुकासाठीं सांगितली नाहीं. तेंच कोल्चिसिन आपल्या कळलावींत आहे. पावसाळ्यांत तिचें तांबडें-पिंवळें, ज्वाळेसारखें फूल येतें, व पानाचें टोंक वळून आधारास धरतें. तेव्हां ती पोरही ओळखतें. परंतु वेल वाळून गेल्यावर जमिनींत राहतो तो नुसता कंद, आणि खाण्याचा कंद समजून तो शिजविल्यानें माणसें मेलेलीं आहेत. त्याचा आकार पुष्कळदां नांगरासारखा दुबेळका असतो; त्यावरूनच संस्कृतांत तिला लांगली म्हणतात. शिजविल्यानें हें विष जात नाहीं.

दुसरा शत्रु कोळकांदा, ज्यास कांहीं ठिकाणीं रानकांदाच म्हणतात. नांव फसवें आहे व रूपही फसवें आहे: पांढरा, पापुद्र्यांचा, कांद्यासारखाच गड्डा. पण त्यास कांद्याचा वास नसतो, आणि त्यांतील विष हृदयावर चालतें. उन्हाळ्यांत त्याचा फुलांचा दांडा पानांशिवाय वर येतो, व पावसाळ्यांत पानें येतात; म्हणजे ज्या दिवसांत फोडशी खुडण्यास बायका जातात त्याच दिवसांत याची पात रानांत असते.

यास्तव समितीनें नियम केला आहे कीं, वांटणींतील प्रत्येक कंद ओळखीच्या वाफ्यांतूनच आलेला असावा. रानांतून परस्पर खणून आणलेला गड्डा, तो कोणीही आणलेला असो, वांटला जाणार नाहीं. नवीं फोडशी वाफ्यांत एक पावसाळा फुलूं द्यावी, फूल पाहून खात्री करावी, व मगच तिचे गड्डे पुढें द्यावेत. यानें कामास एक वर्ष उशीर होईल. तो उशीर आम्ही पत्करतों. भुकेल्या माणसाच्या हातांत संशयाचा कंद देण्याचा अधिकार कोणत्याही धर्मकार्यास नाहीं.

पाणी, जागा व इतर आक्षेप

आतां कोणी म्हणेल, माणसांस पाणी नाहीं तेथें वाफ्यास कोठून आणावें? हिशेब करून पाहूं. उन्हाळ्यांत उघड्या वाफ्यास दर चौरस मीटरमागें दिवसाला पांच ते सहा लिटर पाणी लागतें असें धरलें, तर दहा चौरस मीटरांस पन्नास ते साठ लिटर होतें. हात-पाय धुणें, भांडीं विसळणें, धान्य व भाजी धुणें, स्नान, यांचें पाणी एका कुटुंबाचें चार बादल्या धरलें तरी तेवढें भरतें. वाफ्यावर पालापाचोळ्याचें आच्छादन घातलें म्हणजे त्याहूनही कमींत भागतें. हें पाणी आज मोरीवाटे वाया जातें व दारांत चिखल करतें. साबणाचें व कपड्यांच्या पुडीचें पाणी मात्र पालेभाजीच्या वाफ्यांत सोडूं नये. तें शेवग्याच्या आळ्यांत जिरवावें. ज्या गांवीं पिण्याचें पाणीही टँकरनें येतें तेथें पालेभाजीचा वाफा हांकावयाचा नाहीं. तेथें शेवग्याचीं दोन झाडें व घोळीची एक टोपली एवढेंच ठेवावें. शक्तीबाहेरची बाग सांगणें म्हणजे लोकांची थट्टा करणें होय.

दुसरा आक्षेप जागेचा. भूमिहीन मजुरास परस कोठें असतें? त्यास जुनीं पोतीं, फुटकीं मडकीं, डबे यांत लसूण, घोळ व तांदुळजा लावतां येतो. याखेरीज सार्वजनिक विहिरीचें व नळाचें सांडपाणी जेथें वाहतें ती पट्टी, शाळेचें व अंगणवाडीचें आवार, या जागा ग्रामपंचायतीच्या संमतीनें मिळवितां येतील.

तिसरा आक्षेप असा कीं, फुकट दिलेलें बीं लोक टाकून देतील. कांहीं टाकतील, हें आम्ही नाकबूल करीत नाहीं. पण ज्या भाज्या लोकांस आधींच ठाऊक आहेत, ज्यांच्यासाठीं त्यांच्या बायका मैलोगणती चालतात, त्यांचेंच बीं दिलें असतां टाकण्याचें प्रमाण थोडें राहील असा आमचा तर्क आहे. शिवाय या दानाचा एक विशेष ध्यानांत घ्यावा. धान्याचें दान खाल्लें कीं संपतें व पुढल्या महिन्यांत पुन्हा मागावें लागतें. मागणारास त्याची लाज वाटते, देणारास त्याचा भार वाटतो. तांदुळज्याचीं दोन झाडें बियांसाठीं राखणारें घर पुढल्या वर्षीं आपल्या दारीं येणार नाहीं. उलट तेंच शेजारच्या घरास बीं देईल. जो घेतो तोच देणारा होतो, अशीं दानें थोडीं असतात.

मात्र एवढें स्पष्ट सांगितलें पाहिजे कीं, हें कलम धान्याच्या ऐवजीं नाहीं, धान्याच्या जोडीस आहे. पाल्यानें पोट भरत नाहीं. धान्य व चारा यांवरील खर्चांतून एक पैसाही कमी करून तो इकडे लावावा असें समितीचें म्हणणें नाहीं, व तसें ती करणार नाहीं.

आमचें मागणें

या कामास रोकड थोडी लागते. वस्तु व सवड अधिक लागते. म्हणून प्रत्येकाकडे त्याच्याजवळ असेल तेंच मागत आहों.

बागाइतदारांनीं विहिरीजवळचा एखादा गुंठा एका हंगामापुरता रोपांसाठीं द्यावा. व शेंगा निघाल्यावर शेवग्याची छाटणी करितांना ज्या फांद्या आपण बांधावर फेंकतां किंवा जाळतां, त्या समितीस कळवून ठेवाव्यात. त्यांतील प्रत्येक जाड फांदी म्हणजे एका घराचें एक झाड आहे. ज्यांच्या रानांत फोडशी अद्याप आहे त्यांनीं तिची जागा राखावी, व मुसळीच्या खणणारांस ती विकूं नये.

व्यापारी बंधूंनीं रिकामीं पोतीं, झांकणाचे डबे, फुटके माठ व लसणाचा जो माल मोड आल्यामुळें विक्रीस चालत नाहीं तो द्यावा. मोड आलेली पाकळीच आमच्या कामाची. ज्यांच्या मालमोटारी तालुक्याच्या गांवीं जातात त्यांनीं परततांना एखादी खेप या रोपांसाठीं द्यावी. बीं घेण्यासाठीं रोख देणगी द्यावयाची असल्यास तीवर ‘परसबाग’ असें लिहावें, म्हणजे ती त्याच खात्यांत जमा होईल व तिचा हिशेब वेगळा ठेविला जाईल. तो हिशेब कोणाही देणगीदारास समितीच्या कचेरींत केव्हांही पाहतां येईल.

हें सर्व मृगाच्या अगोदर हातीं आलें पाहिजे. धान्याची गाडी आठ दिवस उशिरां आली तरी तिचा उपयोग होतो; फांदी व बीं यांची वेळ गेली म्हणजे वर्ष जातें. तरी ज्यांस हें विवरण पटलें असेल त्यांनीं आपलें नांव, गांव व काय देतां येईल तें या आठवड्यांतच कळवावें, अशी समितीच्या वतीनें सविनय विनंति आहे.